इस्पितळ बळ्ळारीला निघतं तेव्हा

साल १९७५. बंगळूरच्या होसूर रस्त्यावर तुम्ही रिक्षातून उतरता आणि झाडीतल्या त्या मोठ्या आवारात शिरता. कोणी हटकत नाही. देशभरातून शिकायला आलेले डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका इथे इतक्या संख्येने वावरतात की आणखी एक अनोळखी चेहरा सहज खपून जातो. फाटकावरचं नाव नवं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी बंगळुरात वेड्यांचं इस्पितळ काढलं. १९२५ मध्ये म्हैसूर संस्थानाने त्याच्या नावातून ‘वेडे’ हा शब्द काढून त्याला मनोरुग्णालय म्हटलं. १९५४ मध्ये त्याच्या शेजारी शिक्षणासाठी अखिल भारतीय संस्था उभी राहिली आणि गेल्याच वर्षी, २७ डिसेंबर १९७४ रोजी, दोन्ही मिळून एक संस्था झाली: निम्हान्स. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला १९९४ मध्ये मिळेल, पण शिकवणं आणि उपचार एकाच छपराखाली चालवण्याची रीत आजच पक्की झालेली आहे.

बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर जागा मिळते ती एका कुटुंबाशेजारी. बाप, आई आणि विशीतला मुलगा. रात्रभर प्रवास करून आले आहेत. मुलगा भिंतीकडे तोंड करून पुटपुटतोय, आईने त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून ठेवलंय. मुठीची पकड पाहून कळतं, ही सवय आजची नाही. तिसऱ्या प्रहरी त्यांचा नंबर लागतो. डॉक्टर नीट विचारपूस करतात, घाई करत नाहीत, निदानही बरोबर करतात. महिन्याच्या गोळ्या मिळतात. ‘महिन्याने परत या.’

आता त्यांच्याबरोबर परतीच्या गाडीत बसा आणि पुढचे तीन महिने पाहा. पहिल्या आठवड्यात मुलगा नुसता झोपतो. दुसऱ्यात ताटावर बसून जेवतो. चौथ्यात बहिणीला नावाने हाक मारतो आणि घरात गूळ वाटला जातो. मग गोळ्या संपतात. शेंगा काढणीला आलेल्या, दोन माणसांचा जाण्यायेण्याचा खर्च, दोघांची बुडणारी मजुरी, मागे गुरांकडे कोण पाहणार? बाप म्हणतो, बरा झालाय की आता. तिसऱ्या महिन्यात मुलगा रात्री घरातून निघून जातो आणि दोन गावं पलीकडे, देवळाच्या ओट्यावर सापडतो. इस्पितळाच्या नोंदवहीत त्याच्या कागदावर तारखा पुढे सरकत नाहीत, एवढंच. औषध लागू पडलं होतं. आडवं आलं ते अंतर.

ही गोष्ट इस्पितळातल्या काही माणसांना ठाऊक आहे आणि ती त्यांना झोपू देत नाही. त्या काळचा हिशेब असा: सगळ्या देशात सुमारे ४० मनोरुग्णालयं, २० हजारांच्या आसपास खाटा आणि त्यांपैकी कितीतरी खाटांवर वर्षानुवर्षं तीच माणसं. आपल्याकडेही ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘हिला ठाण्याला न्या’ हे वाक्य शिवीसारखं वापरलं जायचं ते उगाच नाही. गेलेलं माणूस परत येत नाही हाच लोकांचा अनुभव होता. जे मोजके मनोविकारतज्ज्ञ होते ते शहरांत. आणखी इस्पितळं बांधून हे गणित सुटणार नव्हतं.

याच वर्षी संस्थेत समाज-मनोविकार विभाग सुरू होतोय. त्याची धुरा डॉ. आर. एल. कपूर यांच्याकडे आहे. त्यांच्या खोलीत थोडा वेळ थांबा. या माणसाने जी. एम. कार्स्टेअर्स यांच्याबरोबर कर्नाटकाच्या किनारपट्टीवरच्या कोट या गावात जाऊन तिथल्या लोकांच्या मनोव्यथांचा अभ्यास केलाय. त्यावरचं पुस्तक पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये येईल. कोटला त्यांनी पाहिलं की माणूस बिघडला की लोक वैद्याकडे जातात, मंत्रवाद्याकडे जातात, अंगात देव येणाऱ्या पात्रीकडे जातात आणि डॉक्टरकडेही जातात; एकाकडून दुसऱ्याकडे, कधी एकाच आठवड्यात सगळ्यांकडे. लोक उपचार टाळत नाहीत, उलट जो जवळ भेटेल त्याचं दार ठोठावतात. मग आपण जवळ का नाही? पुढची पंधरा वर्षं या एका प्रश्नामागे जाणार आहेत.

एक छोटी फेरी उत्तरेकडे मारून येऊ. १९५० नंतरचं दशक, अमृतसरचं मनोरुग्णालय. डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकलेत आणि रुग्णांच्या घरच्यांना सोबत राहायला बोलावलंय. आया चुलीवर स्वयंपाक करतायत, बाप मुलांना आंघोळी घालतायत, संध्याकाळी डॉक्टर सगळ्यांच्या मधोमध बसून बोलतायत. माणसं लवकर सुधारतात, आणि सुधारल्यावर त्यांना घेऊन जाणारं कोणीतरी तिथेच हजर असतं. घरच्यांना दाराबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेत हे साधं शहाणपण कुणाला सुचलं नव्हतं. माझ्या मते भारतातल्या या सगळ्या कामाचं पहिलं पान त्या तंबूत लिहिलं गेलं.

डिसेंबर १९७६. बंगळूरहून बन्नेरघट्ट्याच्या दिशेने पंधराएक किलोमीटर. नाचणीची शेतं, करंजाची झाडं, बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या डोक्यावर टोपल्या. सकलवारा नावाच्या या गावात निम्हान्सचं ग्रामीण मानसिक आरोग्य केंद्र उघडतंय. शहरातले डॉक्टर इथे येऊन बसणार, आसपासच्या खेड्यांत फिरणार आणि शोधून काढणार की एक साधा आरोग्यसेवक या कामातलं काय काय करू शकतो.

खेड्यात फिरताना त्यांच्या मागे चाला. शिकाऊ डॉक्टर पहिल्या गावात सरळ विचारतो, ‘इथे कोणी मनोरुग्ण आहे का?’ लोक माना हलवतात. कोणी नाही. दुसऱ्या गावात तो निराळं विचारतो. एकटंच बडबडणारं, हसणारं कोणी आहे? पूर्वी कामात चांगलं असून आता कोपऱ्यात बसून राहणारं? दुसऱ्यांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात असं सांगणारं? आपल्यावर करणी केलीय, आपल्याला मारायला टपलेत असा संशय घेणारं? फेफरं येऊन पडणारं? वयाच्या मानाने फारच मागे राहिलेलं मूल? शाळामास्तर, सुईण, न्हावी, पाणक्या, सगळे एकदम बोलायला लागतात. तासाभरात सात-आठ घरांची नावं वहीत येतात. यादीतले प्रश्न कुणाही माणसाने, कुणाही माणसाला विचारावेत असे आहेत. विचारायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. हीच गोष्ट पुढे आरोग्यसेवकांसाठी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांसाठी दोन वेगळ्या हस्तपुस्तिकांत उतरली आणि सोलूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेतली गेली. शैला पै आणि कपूर यांनी याच सुमाराला आणखी एक गोष्ट दाखवली: स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला भरती करण्याऐवजी परिचारिका नियमाने घरी जात राहिली, तर रुग्ण चांगला राहतोच आणि घरच्यांवरचं ओझंही हलकं होतं.

आता वर्षं भराभर जाऊ देत. ऑगस्ट १९८२ मध्ये देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम मान्य होतो. कागद उत्तम आहे. पण काही खेड्यांत किंवा एखाद्या आरोग्य केंद्रात जमलं ते अख्ख्या जिल्ह्यात जमेल का, याचं उत्तर कागदावर नाही. त्यासाठी १९८५ मध्ये जिल्हा निवडला जातो तो बळ्ळारी.

बंगळूरपासून तीनशेच्या वर किलोमीटर. लोकसंख्या १५ लाखांच्या घरात. ग्रॅनाइटची उघडी टेकडी आणि तिच्यावर किल्ला, खाली काळी जमीन, कापूस, शेंगा, ज्वारी, आणि उन्हाळ्यात श्वास घ्यायला नको वाटावा असं ऊन. एका बाजूला तुंगभद्रेच्या कालव्यावर पिकणारी भातशेती, दुसऱ्या बाजूला कूडलिगीसारखे कोरडे तालुके. मुद्दाम असा जिल्हा घेतलाय, जिथे निम्हान्सची सावली पडत नाही.

आम्हा मराठी माणसांना या जिल्ह्यात एक ओळखीचा कोपरा आहे. संडूर. घोरपड्यांचं छोटं मराठा संस्थान, चहूबाजूंनी डोंगर, दोणिमलैच्या लोहखनिजाने तांबडे झालेले रस्ते. घोरपड्यांबरोबर आलेल्या घराण्यांत अजूनही मराठी बोलली जाते, कानडीत मुरलेली. १९८६ च्या मार्चमध्ये तिथे उतरा.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पडवीत सकाळी आठला आरोग्यसेवक सायकलीला पिशवी अडकवतोय. चाळिशीचा, अंगात खाकी सदरा. पिशवीत हिवतापाच्या रक्तनमुन्यासाठी काचपट्ट्या, टोचायची सुई, क्लोरोक्विनच्या गोळ्या, कुटुंब नियोजनाची पत्रकं. गावोगाव फिरून ताप विचारणं, रक्त घेणं, घराच्या भिंतीवर तारीख टाकणं हे त्याचं वर्षानुवर्षांचं काम. त्यात आता एका नव्या वहीची भर पडलीय. आठवडाभराचं प्रशिक्षण झालंय त्याचं. केंद्रातल्या डॉक्टरांचं दोन आठवड्यांचं. तुम्हाला तो बंगळूरच्या पथकातले समजतो आणि मागच्या कॅरिअरवर बसा म्हणतो.

‘साहेब, तापाचा माणूस आपणहून सांगतो ताप आहे म्हणून,’ पायडल मारता मारता तो बोलतो. ‘या रोगात घरचे लपवतात. पोरीचं लग्न अडतं ना. म्हणून मी आधी पाणी मागतो, बसतो, मग बोलतो.’

पाचव्या घरी तो खरोखर पाणी मागतो. आई बाहेर येते, नऊवारी नेसलेली, कपाळावर भंडाऱ्याचा पुसट डाग. कानडीत सुरू झालेलं बोलणं तुमचा चेहरा पाहून मराठीवर येतं. मुलाची गोष्ट विचारायला वेळ लागत नाही, इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं.

‘बाहेरचं झालंय म्हणत्यात. देवऋषी झाला, उतारा झाला, डोंगरावर कुमारस्वामीला नवस बोललो. तीन वर्सं झाली बघा. आधी गप्प बसला, मग रातचा उठून भांडायला लागला, कुणाशी तर भिंतीशी.’

‘कुठं आहे तो?’

ती गोठ्याकडे बघते.

गोठ्यात अंधार आहे, गवताचा वास, एक म्हैस आणि खांबाला बांधलेला सोल. सोलाच्या दुसऱ्या टोकाला चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. घोट्याभोवती कातडी घासून काळी, मधे लाल, आणि सोलाखाली कोणीतरी फडकं गुंडाळलंय, जखम होऊ नये म्हणून. ते फडकं बघून घ्या. रोज बदललेलं, धुतलेलं, कडेला टाका घातलेलं. मनोरुग्णांना बांधून ठेवणाऱ्यांबद्दल शहरात बसून बोलणाऱ्यांनी आधी हे फडकं पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. या बाईला मुलाला कैद करायचं नव्हतं. तो विहिरीकडे धावत होता, दुसऱ्याच्या शेतात शिरून मार खाऊन येत होता. सोलाखेरीज तिला कोणी काही दिलं नव्हतं.

आरोग्यसेवक मुलासमोर उकिडवा बसतो. नाव विचारतो, जेवलास का विचारतो. उत्तर येत नाही. मग तो आईला म्हणतो, ‘आई, देवाचं सोडू नका. त्याच्याबरोबर आमचंही औषध करू. गुरुवारी डॉक्टर आहेत. मी येतो न्यायला.’ देवऋषीबद्दल अवाक्षर काढत नाही. तसं शिकवलंय त्याला, पण मला वाटतं न शिकवताही तो तेच बोलला असता. त्याच्याही घरात उतारे होत असणार.

गुरुवार. मुलगा बैलगाडीतून येतो, दोन्ही बाजूंना काका. डॉक्टर तरुण आहेत, एमबीबीएस होऊन तीन वर्षं झालेली. पदवीच्या अभ्यासात मनोविकारशास्त्राच्या वाट्याला जेमतेम काही दिवस येतात. बाळंतपणं, जुलाब, सर्पदंश यांत हात बसलाय. या मुलासमोर मात्र बिचकतात. टेबलाचा खण उघडून हस्तपुस्तिका बाहेर काढतात, पान शोधतात, आणि ते शोधताना कोणापासून लपवत नाहीत. छापील साधा तक्ता भरतात: लक्षणं, किती दिवस, ताप नाही, दारू नाही, फेफरं नाही. केंद्राच्या कपाटात या आजारांसाठी सहाच औषधं आहेत. क्लोरप्रोमाझिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, फिनोबार्बिटोन, फिनायटॉइन आणि फ्लुफेनाझिन डेकॅनोएटची इंजेक्शनं. सहा नावांत एका जिल्ह्याचे बहुतेक गंभीर मनोविकार आणि फेफरं बसवून दाखवली, हे त्या आखणीचं मोठेपण. औषधांची यादी लहान असली की डॉक्टर चुकत नाही, कपाट रिकामं पडत नाही आणि आरोग्यसेवकालाही गोळी रंगावरून ओळखता येते.

क्लोरप्रोमाझिन सुरू होतं, रात्री एक. डॉक्टर सांगतात की झोप येईल, तोंड कोरडं पडेल, उन्हात कातडी भाजेल, डोक्यावर टॉवेल ठेवा. बळ्ळारीच्या उन्हात ही शेवटची सूचना पहिल्या गोळीइतकीच महत्त्वाची आहे.

बरोबर बारा दिवसांनी त्याच सायकलीवरून त्याच घरी चला. आई दारातच चिडलेली.

‘लाकूड झालंय माझं पोर! मान वळत नाही, तोंडातून लाळ गळतीय. तुमच्या गोळ्या मी गोठ्यात टाकल्या.’

इथे थांबा आणि नीट बघा. इतकी माणसं, इतके पैसे, इतक्या पुस्तिका या एका क्षणासाठी खर्ची पडल्या आहेत. बंगळूरला गेलेल्या त्या पहिल्या कुटुंबातही कदाचित हेच घडलं असतं, आणि तिथे हे बघायला कोणी आलं नसतं. आरोग्यसेवक मुलाचा हात कोपरात वाकवून पाहतो. हात झटक्याझटक्याने, अडखळत वाकतो. त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसतं, कारण हे त्याने प्रशिक्षणात पाहिलंय.

‘आई, हा रोग नव्हे. औषधाचा ताठपणा आहे. याच्यावर दुसरी बारीक गोळी आहे, तीन दिवसांत सैल होतो बघा. मी आजच आणून देतो.’

तो खरंच त्याच दिवशी आणून देतो. ट्रायहेक्सिफेनिडिलच्या त्या बारीक गोळ्यांनी मुलाची मान वळते आणि आईचा विश्वास बसतो. त्यानंतरच तो सोल सुटतो, आधी दिवसा, मग रात्रीही.

पुढे गोळ्या चुकायला लागतात तेव्हा डॉक्टर महिन्याच्या इंजेक्शनवर येतात. हेही जवळून पाहण्यासारखं आहे. फ्लुफेनाझिनचं औषध तेलातलं, पिवळसर, घट्ट. केंद्रातली सिरिंज काचेची, स्टोव्हवर उकळून निर्जंतुक केलेली, म्हणजे ओली. आत पाण्याचा थेंब राहिला तर तेल गढूळ होतं. म्हणून सिस्टर सिरिंज पूर्ण वाळेपर्यंत थांबते, मग जाड सुई लावते आणि दट्ट्या हळूहळू ओढते. बाहेर पाळणा हलवत बसलेल्या बायका कुरकुरतात. ती घाई करत नाही. एक इंजेक्शन म्हणजे तीन-चार आठवड्यांचा निवांतपणा. त्या काळात गोळी लपवली, थुंकली, विसरली तरी बिघडत नाही.

त्याच पडवीत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आहे, डाव्या हाताची बोटं चुलीत भाजून एकमेकांना चिकटलेली. फेफरं आलं तेव्हा भाकरी करत होती. फिनोबार्बिटोनची गोळी अगदी स्वस्त, रोज एक-दोन. महिन्यातून चारदा येणारी फेफरं थांबली आहेत. औषध अचानक बंद केलं तर फेफरांची रांगच लागू शकते, म्हणून आरोग्यसेवक तिच्या बापाला दर भेटीत उरलेल्या गोळ्या मोजून दाखवायला लावतो.

मला एक गोष्ट मात्र खटकते आणि ती सांगितलीच पाहिजे. आरोग्यसेवकाच्या वहीतली नावं बहुतेक अशी आहेत जी गावाला दिसतात: ओरडणारी, फिरणारी, पडणारी माणसं. चुलीपाशी मुकाट बसून महिनोन्महिने डोळ्याचं पाणी आटवणारी बाई या वहीत क्वचितच येते. तिच्या दुखण्याबद्दल घरचे तक्रार करत नाहीत, कारण ती काम करतच राहते. ती केंद्रात येते ते डोकेदुखी, अंगदुखी, अशक्तपणा सांगत, आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन परत जाते. कपाटात अमिट्रिप्टिलिन आहे. तिच्यापर्यंत ते फार थोड्या वेळा पोहोचतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ. बळ्ळारीच्या जिल्हा इस्पितळात चार माणसांचं पथक बसतं: एक मनोविकारतज्ज्ञ, एक चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, एक मनोविकार समाजकार्यकर्ता आणि आकडे लिहिणारा एक कारकून. केंद्रांकडून पाठवलेले अवघड रुग्ण इथे येतात. एका वेळी दहापर्यंत रुग्ण थोड्या दिवसांसाठी भरती करता येतात. सगळ्या जिल्ह्याला दहा खाटा! आणि त्या पुरतात, कारण बाकीचं काम गावात होतंय.

महिन्याच्या बैठकीला मागच्या रांगेत बसा. जिल्हा आरोग्य अधिकारी टेबलाच्या टोकाशी, समोर सगळ्या केंद्रांचे डॉक्टर. पंखा फिरतोय पण हवा लागत नाही. नसबंदीचं उद्दिष्ट, लसीकरण, हिवताप, मग मानसिक आरोग्य. कोणत्या केंद्रात किती नवे रुग्ण, किती जुने आले, किती आले नाहीत, कोणती औषधं संपली. एका डॉक्टरच्या अहवालात सलग दोन महिने शून्य. अधिकारी आवाज न चढवता विचारतात, ‘तुमच्या भागात कुणालाच फेफरं येत नाहीत का?’ पुढच्या महिन्यात त्या केंद्राचे अकरा रुग्ण असतात. माझ्या मते बळ्ळारीचं यश या खोलीत होतं. मानसिक आरोग्याचा विषय लसीकरणासारखा, हिवतापासारखा, सरकारी कामाच्या यादीत आला आणि त्याची दर महिन्याला विचारणा होऊ लागली. हे ज्याने ठरवलं त्याला सरकारी यंत्रणा आतून ठाऊक होती.

१९९०. निम्हान्सचा प्रकल्प संपतो. संडूरच्या त्या डॉक्टरांची बदली झालीय आणि नव्या डॉक्टरांनी प्रशिक्षण घेतलेलं नाही. आरोग्यसेवक त्यांना स्वतःची वही दाखवतो. कोण कुठे राहतो, कुणाला काय चालू आहे. नवे डॉक्टर पानं उलटतात, हस्तपुस्तिका कुठे आहे विचारतात. तो खण उघडून देतो.

१९९६ मध्ये केंद्र सरकार बळ्ळारीच्या धर्तीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू करतं, आधी मोजक्या जिल्ह्यांत, मग पसरत पसरत देशभर. या प्रसाराने लाखो लोकांना औषध मिळालं, हे खरं आणि मोलाचं. पण बऱ्याच ठिकाणी बळ्ळारीतलं सोपं तेवढं उचललं गेलं. जिल्हा इस्पितळात तज्ज्ञ बसवला, बाह्यरुग्ण विभाग काढला, फलक लावला. आरोग्यसेवकाचा आठवडा एका दिवसाच्या व्याख्यानावर आला, महिन्याच्या बैठकीतून विषय गळाला. तज्ज्ञाची जागा रिकामी झाली की कार्यक्रमच थांबला. ज्या अंतरासाठी हे सगळं केलं, ते पुन्हा रुग्णाच्या पायांवर आलं.

६ ऑगस्ट २००१. तामिळनाडूतलं एरवाडी, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणारी मनोरुग्णांची झोपडीवजा वसतिस्थानं. पहाटे आग लागते. २८ माणसं जळून मरतात, कारण ती साखळ्यांनी बांधलेली असतात. सर्वोच्च न्यायालय स्वतःहून दखल घेतं. बळ्ळारीचा प्रयोग संपून तेव्हा दहा वर्षं उलटून गेली होती. काय करायचं हे माहीत नव्हतं असं कोणालाच म्हणता येणार नव्हतं. इथे तुम्हाला जास्त वेळ उभं करणं मला जमणार नाही.

पुढे या. २०१० चा गोवा. ‘संगत’ या संस्थेने ‘मानस’ नावाच्या अभ्यासात, खास प्रशिक्षण दिलेल्या पण डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना आरोग्य केंद्रांत बसवलं आणि दाखवलं की उदासी आणि काळजीने खचलेली माणसं त्यांच्या मदतीने सावरतात, विशेषतः सरकारी केंद्रांत. संडूरच्या वहीत जी बाई आली नव्हती, तिच्याशी इथे कोणीतरी खुर्ची ओढून कोकणीत बोलतंय. २०१५-१६ मध्ये निम्हान्स १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण करतं आणि आकडा समोर येतो: वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत.

त्याच सुमाराचं यवतमाळ. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबवण्यासाठी राज्य सरकारने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केलाय आणि आशाताई घरोघरी जाऊन विचारतायत: झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का, कामात मन लागतं का. कापसाच्या ढिगाला पाठ टेकून बसलेला एक शेतकरी बराच वेळ गप्प राहतो, मग तिसऱ्या प्रश्नाला मान खाली घालतो. आशाताई कागद भरते, तालुक्याच्या इस्पितळात न्यायची तारीख ठरवते. निघताना त्याची बायको तिला दारापर्यंत सोडायला येते आणि हळूच विचारते, ‘ताई, एकदा नेल्यावर पुढच्या महिन्याच्या गोळ्या इथंच मिळतील ना? दर बारीला तालुक्याला जाणं आम्हाला जमणार नाही.’